पावसाचं वाहन

वाईच्या आमच्या जुन्या घरात पंचांग स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं असायचं. मे सरत आला की आजी पदराला हात पुसत तिथं यायची आणि आजोबांना विचारायची, "यंदा मृग कशावर बसून येतोय?" आजोबा कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, पान उलटायचे आणि सांगायचे, "म्हैस." म्हैस, बेडूक किंवा हत्ती निघाला की आजी खूश. कोल्हा किंवा मेंढा निघाला की ती काही न बोलता उठायची आणि डाळीचे डबे हलवून बघायची.

पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात वाहन दिलेलं असतं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आकड्याला नवानं भागायचं, आणि बाकी उरेल त्याप्रमाणे नऊ जनावरांपैकी एक पावसाच्या बुडाखाली द्यायचं. घोडा निघाला तर पाऊस डोंगरावर पडणार, असा ठोकताळा. घोडा निघाला की घरातले सगळे अण्णांकडे बघायचे. कारण डोंगरावर अण्णा असायचे.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, सरकारी रस्त्यांवर ओव्हरसियर. १९६६ मध्ये त्यांनी पाचगणीच्या एका पारशी मास्तरांकडून जुनी जावा घेतली. हे माझ्या जन्माच्या आधीचं. मी ऐकलंय ते आजीकडून, थोडं वडिलांकडून आणि फार उशिरा, तेही ओढून काढावं तसं, अण्णांकडून. गाडी दारात आली तेव्हा आजोबा म्हणाले, सायकल काय वाईट होती? त्यावर आजी बोलून गेली, "पावसाला वाहन चालतं, मग माझ्या लेकाला का नको?" विषय संपला. आजी त्या गाडीला शेवटपर्यंत फटफटी म्हणाली.

जावा मूळची चेक लोकांची. यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ मध्ये प्रागला कारखाना काढला, जर्मन वाँडरर कंपनीचं मोटरसायकलचं काम विकत घेतलं आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून नाव केलं. आपल्याकडे रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला ती बनवायला सुरुवात केली, साधारण १९६१ च्या सुमारास. १९७३ पासून तिचीच पुढची पिढी येझदी म्हणून विकली गेली. तिकडे जावाचा उच्चार 'यावा' असा करतात, हे मला परवा-परवा कळलं. आजीच्या कानावर हे पडायला हवं होतं. माण तालुक्यात ज्याची वाट बघत लोकांचे डोळे शिणले, तो पाऊस 'यावा' एवढीच तर तिची मागणी होती.

आता सातारा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला सुमारे १३७० मीटर उंचीवर महाबळेश्वर, जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला माण, जिथे साडेचारशे-पाचशे पडला तर लोक समाधानानं पेरतात. मधलं अंतर रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आत. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या धारेवर चढताना रिकामे होतात आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्यात सावलीपुरतं पाणी उरतं. पाऊस किती झपाट्यानं ओसरतो हे कळायला मोटरसायकलसारखं साधन नाही. जुलैत महाबळेश्वरहून निघावं, पाचगणीपर्यंत पाठीवर धारा घ्याव्यात, पसरणीचा घाट उतरताना भुरभुर, आणि वाईत कृष्णेच्या पुलावर आलं की शर्टाची कॉलर वाळायला लागते. एसटीच्या काचेआड बसलेल्याला हे नुसतं दिसतं. फटफटीवरच्याला ते अंगावर मोजता येतं.

अण्णांची पहिली सहा वर्षं ओल्या टोकाला गेली. पावसाळ्यात महाबळेश्वर तेव्हा ओस पडायचं. घरांच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधलेल्या, दुकानं बंद, धुक्यात समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. अण्णांनी एक खोली भाड्यानं घेतली होती आणि गाडी रात्री खोलीतच असायची. "दोघंच होतो," ते सांगायचे, "एक खाटेवर, एक स्टँडवर. दोघांनाही बुरशी यायची."

आंबेनळी घाटाचा वरचा भाग त्यांच्याकडे होता. दरड कुठं आली, मोरी कुठं तुंबली, हे रोज बघून यायचं. त्या गाडीचे दोन गुण ते मान डोलावून सांगायचे. एक, चेन पूर्ण डब्यात बंद; वरून कितीही चिखल उडो, आत ग्रीस तसंच. दुसरा, किक आणि गिअर एकाच दांडीत, आणि गिअर पायानं टाकला की क्लच आपोआप सुटतो. डावा हात थंडीनं आखडला, लिव्हर दाबेना, तरी गाडी चालवता येते. दोष सांगताना मात्र आवाज खाली यायचा, घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा. दिवा सहा व्होल्टचा. धुक्यात तो देव्हाऱ्यातल्या समईएवढा. देव दिसतो, रस्ता नाही. मग कडेच्या दगडांवर नजर ठेवून जायचं. त्या दगडांना दरवर्षी मे महिन्यात अण्णाच चुना मारून घ्यायचे. "नोकरीत लोक सरकारला चुना लावतात," ते म्हणायचे, "मी दगडांना लावला, तो माझ्याच कामी आला."

खरा वैताग प्लगचा. टू-स्ट्रोक गाडी, लिटरभर पेट्रोलमध्ये चाळीसेक मिलिलिटर ऑइल मिसळून टाकीत ओतायचं. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठव्या हिश्श्यानं विरळ. कार्बोरेटरला ते कळत नाही; तो पेट्रोल पहिल्यासारखंच सोडतो. जाळायला हवा कमी, जळायला माल जास्त. त्यात धुक्यामुळे वेग बैलगाडीचा, इंजिन कधी नीट तापतच नाही. मग ते न जळलेलं तेल प्लगवर बसतं. भर पावसात गाडी दोनदा खोकते आणि गप्प होते.

हे काम मी त्यांना पुढं वाईच्या अंगणात, कोरड्यात करताना पाहिलं आहे. पान्ह्यानं प्लग काढला की त्याच्या तोंडावर काजळीचा ओला, चकचकीत थर असायचा. तो आधी धोतराच्या चिंधीनं पुसायचा, मग पॉलिश पेपरनं टोक घासायचं, पार करडा धातू दिसेपर्यंत. मग फटीत हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा सरकवून बघायचा: अडकत जायला हवा, पण जायला हवा. घाटात हेच सगळं ते रेनकोट डोक्यावरून इंजिनावर तंबूसारखा ताणून करायचे. जादा प्लग मेणकापडात गुंडाळून बनियनच्या आत ठेवलेला असायचा, म्हणजे तो कोरडा आणि कोमट मिळायचा. प्लगच्या टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवलेला. उजव्या झाकणाखाली पॉइंट. तिथं पाणी शिरलं की मात्र हात जोडायचे आणि गाडी ढकलत न्यायची.

अंगावर काय घ्यायचं हा दुसरा प्रश्न. इरलं फटफटीवर चालत नाही, वारा त्याचं शीड करतो. रेनकोट मांडीवरच्या शिवणीत हटकून गळतो. शेवटी अण्णांनी म्हसवडची एक घोंगडी आणली आणि शिंप्याकडून तिची बिनबाह्यांची बंडी शिवून घेतली, रेनकोटच्या आत घालायला. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. चांगल्या घोंगडीला कात्री लावली म्हणून आजी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. माणच्या कोरड्या माळावर चरलेल्या मेंढरांनी अण्णांना महाबळेश्वरच्या पावसात सहा वर्षं धरून ठेवलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसावं.

हिवाळ्याबद्दल ते फार बोलत नसत. वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्याला पहाटे दव गोठतं, त्या दिवसांत स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचं, एवढंच. रविवारचं पुरवणीसकट घातलं तर पाचगणीपर्यंत पुरतं, एरवीचं मध्येच संपतं, असा त्यांचा अनुभव. टाकीतलं ऑइल रात्रीतून तळाशी बसतं, म्हणून सकाळी गाडी आधी दोन्ही बाजूंना हिंदकळवायची, कार्बोरेटरवरची पिन दाबून पेट्रोल ओघळू द्यायचं, मग किक. वाईला मुक्काम असला की आजोबा खिडकीतून किका मोजायचे. चौदाव्या किकेला सुरू झाली की म्हणायचे, "वनवास संपला."

१९७२ च्या उन्हाळ्यात अण्णांची बदली झाली, माणमधल्या दहिवडीला. जिल्हा तोच, साहेब तेच, पगार तोच. पण बदली झाली ती एका देशातून दुसऱ्या देशात.

त्या दुष्काळी सालाबद्दल आमच्या पिढीनं इतकं ऐकलं आहे की शब्द गुळगुळीत झालेत: सुकडी, मिलो, खडी. पण रस्त्याच्या बाजूनं ते वर्ष कसं दिसलं, हे मला अण्णांमुळे कळलं. दुष्काळी कामांवर माणसं लाखांनी आली आणि त्यांना देण्याजोगं काम होतं ते दगडाचं आणि मातीचं: पाझर तलाव, बांध आणि रस्ते. रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली. तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. माण-खटावातले कितीतरी रस्ते, ज्यांच्यावरून आज आपण फटफटी दामटतो, ते पाऊस न पडल्यामुळे झालेत. पश्चिमेला पाऊस रस्ते नेतो, पूर्वेला पावसानं पाठ फिरवली आणि रस्ते आले. अण्णांनी एका टोकाला वाहून गेलेलं मोजलं आणि दुसऱ्या टोकाला बांधलेलं. टेप तोच होता.

गाडीला हा देश मानवला नाही. दिवसभर मुरुमावरून जायचं, हवेत पीठ उडाल्यासारखी धूळ. हवेची जाळी दर चार दिवसांनी पेट्रोलमध्ये धुवावी लागे. ट्यूबवरचे पंक्चरचे तुकडे उन्हानं सुटून यायचे. टाकी इतकी तापायची की मांडी टेकवता येत नसे. एकदा पुसेगावच्या पुढं, भर दुपारी, पाठीमागून वारा असताना चढावर इंजिननं अचानक पकड घेतली. मागचं चाक घासत गेलं आणि गाडी उभी राहिली. पाठचा वारा गाडीच्या वेगाचाच असला की इंजिनाला वारा लागतच नाही, हे त्यांना त्या दिवशी समजलं. बाभळीखाली बसून होते. एका मेंढक्यानं पाण्याचा भोपळा पुढं केला आणि विचारलं, "तिला पाजू का?" अण्णा म्हणाले, "नको, तिला बाधेल. मला दे." अर्ध्या तासानं पिस्टन आपसूक सुटला. तेव्हापासून उन्हाळ्यात ते पेट्रोलमध्ये ऑइल चमचाभर जास्त घालायचे. धूर निघायचा, पण दुष्काळात धुराला कोण नावं ठेवतं?

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी सांगितली नाही. ती सांगितली आजीनं. खडीच्या कामावर बायका रांगेनं बसलेल्या असायच्या, पुढ्यात दगड, हातात हातोडी, शेजारी पोरं झोपलेली. लांबून धुळीचा लोट दिसला की त्यांना कळायचं, साहेबाची फटफटी. हातोड्या ठेवून आधी पोरांच्या तोंडावर पदर टाकायच्या, मग स्वतःच्या. एकदा अण्णा हजेरी बघायला थांबले तेव्हा एक म्हातारी पदरातूनच म्हणाली, "पाऊस न्हाई तर न्हाई, पर तू तरी जरा कमी ये." त्यानंतर कामाच्या अलीकडे फर्लांगभर अण्णा गाडी बंद करायचे आणि मुरुमातून ढकलत न्यायचे. तीन मणांच्या वर वजन असेल जावाचं. आजीच्या गोष्टीत ते दर वेळी वाढायचं.

मी गाडी शिकले ती अण्णांकडेच, पण जावावर नाही. १९९४ मध्ये आमच्याकडे वडिलांची शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी होती. पेट्रोल भरा आणि विसरा, अशी जात. मेच्या शेवटी मी पाचगणीहून परतत होते. पसरणीच्या घाटात वळीव आला, मोठमोठ्या थेंबांचा, मातीचा वास घेऊन. मला वाटलं, काय सुंदर! डांबरावर ठिकठिकाणी इंद्रधनुष्यी तवंग दिसत होते, तेही मला सुंदरच वाटले. तिसऱ्या वळणावर मी ब्रेकला नुसता पाय लावला आणि मागचं चाक माझ्या परवानगीशिवाय पुढं यायला निघालं. कोपर सोलून निघालं, इंडिकेटर फुटला, आणि एका ट्रकवाल्यानं गाडी उचलून देताना "ताई" म्हणून जो उपदेश केला तो फार लागला.

अण्णांनी जखमेवर हळद दाबली आणि गाडीकडे बघून आले. मग म्हणाले, "आठ महिने रस्त्यावर काय सांडतं? ऑइल, टायरचं रबर, धूळ. पहिला पाऊस आला की ते वर तरंगतं. पहिल्या पावसात रस्ता अंघोळ करतो गं. त्याची अंघोळ होईस्तोवर आपण दारात थांबावं." अर्धा तास जोराचा पडला की तोच रस्ता पकड देतो. आणि मुसळधारेत जपायचं ते ब्रेकला: ड्रममध्ये पाणी गेलं की दाबूनही काही होत नाही, म्हणून ओढा ओलांडला की थोडं अंतर ब्रेक हलका धरून चालवायचं, लायनर तापून सुकतात. श्रावणात सावलीच्या वळणांवर शेवाळ. भाद्रपदात ऊन पडलं की खड्ड्यांतलं पाणी आरशासारखं चमकतं आणि खोली लपवतं. पाऊस असा एकसारखा नसतो. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा. प्रत्येकाशी वेगळं वागावं लागतं, सासूशी तर लागतंच.

आताच्या गाड्यांना यातलं काही सांगावं लागत नाही. २०२० पासून नवे नियम आले आणि कार्बोरेटर जवळपास गेलाच. हवेचा दाब, तापमान मोजून गाडीच पेट्रोल किती सोडायचं ते ठरवते. माझी आताची गाडी पोलादपूरहून महाबळेश्वरला चढते तेव्हा एकदाही खोकत नाही. हे बरंच आहे. प्लग घासण्यात काव्य होतं असं म्हणणाऱ्यांनी तो पावसात घासलेला नसतो.

रस्त्याला मात्र असा कुठला सेन्सर बसलेला नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळी घाट जागोजागी तुटला, खाली महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. टीव्हीवर आकडा ऐकून त्यांनी मला तो पुन्हा सांगायला लावला. मग छताकडे बघत म्हणाले, "म्हणजे माणचा वर्षाचा पाऊस, वर थोडा उरून. एका दिवसात." थोड्या वेळानं विचारलं, "नक्षत्र कुठलं?" मी मोबाइलवर बघितलं. पुष्य. "म्हातारा," ते म्हणाले. आपल्या वयाच्या माणसाबद्दल बोलावं तसं.

ते गेल्यावर माळ्यावरून जुनी पंचांगं खाली काढली. आजीनं एकही टाकलं नव्हतं. पंचांग रद्दीत देत नाहीत. उलगडली तर पावसाच्या नक्षत्रांच्या पानांवर अण्णांचं शिसपेन्सिलीचं बारीक अक्षर. सुट्टीला घरी आले की टिपून ठेवत असावेत. १९६७: "आर्द्रा. प्लग तीनदा." "पुष्य. दरड, चालत आलो." १९६९: "आश्लेषा. घोंगडीमुळे वाचलो." शेजारी छापलेलं त्या त्या पावसाचं वाहन, आणि त्याखाली माणसाच्या वाहनाची हकिकत.

१९७२ च्या पंचांगात मृगापासून स्वातीपर्यंत अकरा नक्षत्रं, छापील वाहनं वेगवेगळी, आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: "धूळ." कुठं अक्षर जाड, कुठं पुसट, पण शब्द तोच.

पुढच्या वर्षीचं पंचांग उघडलं. वरची नक्षत्रं कोरी आहेत. हस्तापुढे मात्र त्यांनी समासात मावेल तेवढं लिहून उरलेलं आडवं लिहिलंय: "ओढ्याकाठी काळ्या रानात गाडी रुतली. मडगार्डात चिखल भरून चाक फिरेना. मडगार्ड सोडवून खांद्यावर घेतलं. दहिवडीला पोचायला साडेतीन तास. फार मजा आली."